पॅनल बारा व्होल्टचं नसतं, कोपी मात्र पाचटाची असते

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण दसऱ्याच्या आत वाचून घ्या आणि तुमच्या गल्लीतलं, नात्यातलं जे कोणी यंदा टोळीत जाणार असेल त्यांना वाचून दाखवा. मुकादम लोकांनी तर दोनदा वाचा.

आपल्या बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखोंच्या संख्येनं माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने कोपीत राहायचं. पूर्वी कोपीत रॉकेलची चिमणी असायची. आता कोपीवर एक छोटं सौर पॅनल, आत हातात उचलून नेता येईल अशी एक बॅटरी, दोन बल्ब आणि मोबाईल चार्जिंगची पिन असते. हे चांगलंच झालं. बाईमाणसाला पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या असतात, सोबत नेलेल्या लेकरांना संध्याकाळी वही उघडायची असते, आणि गावाकडं ठेवलेल्या म्हाताऱ्या आईशी बोलायला फोन चालू लागतो. त्या एका बल्बावर आणि एका फोनवर सगळं घर चाललेलं असतं.

वाईट एवढंच की या बॅटऱ्या एक हंगामसुद्धा काढत नाहीत. पट्टा पडून माणसं परत आली की माझ्या रिपेरिंगच्या दुकानात त्या पोत्यात घालून येतात. फुगलेल्या, सुकलेल्या, बाजूनं वितळलेल्या. आणि बहुतेक वेळा गोष्ट एकच असते. पॅनलच्या दोन वायरी थेट बॅटरीला. मधी काहीच नाही. वायरींना चिमटे, लाल लालला, काळा काळ्याला, झालं काम.

यात ऊसतोड्याची चूक नाही. त्याला सामान ज्यानं दिलं, मग ते विकत असो नाहीतर फुकट वाटलेलं असो, चूक त्याची आहे. माझं म्हणणं असं आहे की पॅनल आणि बॅटरीच्या मधी व्होल्ट आवरणारा जो डबा लागतो, तो ज्या किटमध्ये नाही ते किट विकूही नये आणि वाटूही नये. का ते सांगतो.

"दादा, पॅनल बारा व्होल्टचं, बॅटरी बारा व्होल्टची, मग मधी डबा कामून?" हंगामाच्या तोंडावर हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. प्रश्न अजिबात मूर्खपणाचा नाही. पण पॅनल उलटं करून पाठीवरचं स्टिकर वाचा. तिथं व्हीओसी म्हणून एक आकडा असतो, साधारण २१ ते २२. म्हणजे पॅनलला काहीच जोडलेलं नसताना उन्हात ते एवढे व्होल्ट दाखवतं. दुसरा व्हीएमपी, साधारण १७ ते १८. म्हणजे पूर्ण ताकदीनं काम करताना एवढे. (तिसरा एक ६०० किंवा १००० चा आकडा असतो, तो बघून घाबरू नका. तसली बरीच पॅनलं एकामागं एक जोडली तर इन्सुलेशन कुठवर टिकेल याची ती मर्यादा आहे.) बारा हा आकडा स्टिकरवर शोधून सापडत नाही, कारण बारा हे नुसतं नाव आहे. आपण दोन इंची पाइप मागतो आणि दुकानदार ६३ एमएमची काढून देतो, तसंच हे. 'बारा व्होल्टचं पॅनल' म्हणजे 'बारा व्होल्टची बॅटरी भरायला बनवलेलं पॅनल'.

मग कंपन्यांनी ते अठराचं का बनवलं? कारण आपलं ऊन. पॅनल तापलं की त्याचे व्होल्ट पडतात. दुपारी काच ६०-६५ अंशांवर गेली की अठराचे पंधराच्या आसपास उरतात. त्यात वायरीत थोडे जातात, डायोडमध्ये थोडे जातात. आणि बॅटरी भरायला तर १४.४ लागतात. पाणी टाकीत चढवायचं तर मोटरचा जोर टाकीच्या उंचीपेक्षा जास्तच लागतो. म्हणून अठरा. हिशेब करूनच ठेवलेलं आहे ते, फक्त त्या हिशेबात मधला डबा धरलेला आहे आणि आपण तोच काढून टाकतो.

थेट जोडल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सुरुवातीला काहीच वाईट होत नाही आणि तिथंच माणूस फसतो. बॅटरी रिकामी असते तेव्हा ती पॅनलला आपल्या पातळीवर खाली ओढून धरते. मीटर लावला तर १२.५, १३ दाखवतो. सगळं झकास. माणूस म्हणतो, बघा, डब्यावाचून चालतंय. पण बॅटरी भरत आली की तिची भूक मरते, आणि दोर सुटल्यासारखे व्होल्ट वर चढायला लागतात. शिशाची बॅटरी असेल तर १४.४ च्या पुढं आतलं पाणी उकळल्यासारखं गॅस होऊन उडतं. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत आपण वरून पाणी घालतो. पण ही जी सात अँपिअरची सीलबंद छोटी बॅटरी असते, तिच्यात पाणी घालायला बूचच नसतं. सुकली की सुकली.

"मग दुपारी वायर काढायची." हाही सल्ला मी लोकांना देताना ऐकलाय. कोण काढणार वायर? कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती अंधारातच फडात गेलेली असते. कोपीवर असलं तर एखादं सात-आठ वर्षांचं पोर, त्याच्या काखेत धाकटं भावंड. हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात ४० वॅटचं पॅनल लहान बॅटरी दुपारपर्यंत भरून टाकतं, आणि मग दिवस मावळेपर्यंत ती बॅटरी नुसती शिजत बसते. माणूस तिथं नसतो, म्हणूनच तर डबा लागतो.

आता जास्त गंभीर गोष्ट. आजकाल शिशाच्या बॅटऱ्या कमी होऊन लिथियमच्या पॅकचं फॅड आलंय. वजनाला हलक्या, उचलून न्यायला सोप्या, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत सामानासोबत जातात. चांगल्याच आहेत. पण शिशाची बॅटरी जास्त चार्ज झाली तर मरते. लिथियमची जास्त चार्ज झाली तर पेटू शकते, आणि पेटली की पाण्याच्या एका तांब्यानं विझत नाही. कोपी कशाची असते? बांबूच्या कामट्या, उसाचं पाचट, वरून प्लॅस्टिकचा कागद. दुसरी कोपी हाताच्या अंतरावर. कोप्या जळाल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय, अनेकदा कारण चुलीची ठिणगी असतं. त्या पाचटात आता आपण उशाला बॅटरी ठेवतोय.

लिथियममध्ये दोन जाती आहेत आणि दोन्हींना बाजारात 'बारा व्होल्टच' म्हणतात. पॅकवर ११.१ लिहिलं असेल तर आत तीन सेल एकामागं एक आहेत. एका सेलला ४.२ च्या वर न्यायचं नाही, म्हणजे पूर्ण पॅकला १२.६. यापुढं एक पाऊल नाही. पॅकवर १२.८ लिहिलं असेल तर ती फॉस्फेटवाली, आत चार सेल, तिची हद्द १४.६. ही जात जास्त शांत आणि जास्त टिकाऊ असते, कोपीसाठी घ्यायची तर हीच घ्या. आता गंमत बघा. कुणीतरी ऐकून-वाचून शहाणा होतो आणि डबा आणतो. पण डबा असतो शिशाच्या बॅटरीचा, तो भरतो १४.४ पर्यंत. तो फॉस्फेटच्या पॅकला चालून जातो. पण ११.१ वाल्याला लावला तर एका सेलच्या वाट्याला ४.८ येतात. चुकीचा डबा असणं हे डबा नसण्याइतकंच वाईट, उलट जास्तच, कारण माणूस निश्चिंत होतो.

इथं दुकानदार मंडळी मला आडवतात. "आत बीएमएस आहे की, ते कट करतं." आहे ना. आपल्याकडं घाटात ट्रॉली थांबवली की पोरगा उडी मारून चाकाखाली दगड लावतो. तो दगड लागतोच. पण म्हणून कुणी ट्रॅक्टरचे ब्रेक काढून ठेवून नुसत्या दगडावर घाट उतरतं का? बीएमएस म्हणजे तो दगड. शेवटचा उपाय. त्याच्यावर रोज दुपारी वीस व्होल्टचं पॅनल ढकलत ठेवलं तर एक दिवस ते दगा देणार. आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून, त्यातले सेल निवडून बांधलेले जे स्वस्तातले पॅक येतात, त्यातल्या काहींत बीएमएस नावालाच असतं, काहींत नसतंच. घेताना पॅकवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. नसेल तर दुकानदाराला विचारा, का नाही.

मग हा डबा म्हणजे काय? चार्ज कंट्रोलर. साधा, पीडब्ल्यूएम म्हणतात तो, दहा अँपिअरचा. चांगल्यातला घेतला तरी बॅटरीच्या किमतीपुढं तो किरकोळ आहे. आतमध्ये एक इलेक्ट्रॉनिक बटण, जे बॅटरी भरत आली की सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद करून करंट आवळत नेतं. रात्री बॅटरीतली वीज उलटी पॅनलमध्ये जाऊ देत नाही. बॅटरी फार उतरली तर बल्ब बंद करतं, हे तिसरं काम लोकांना आवडत नाही, 'डबा खराब आहे, लाइट घालवतो' म्हणून माझ्याकडं तक्रार येते. अहो, तो तुमची बॅटरी वाचवतोय.

त्याच्यावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी लिहिलेलं असेल तर हसा आणि पुढं चला. खरा एमपीपीटी पॅनलला त्याच्या सतरा-अठरा व्होल्टवरच काम करू देतो आणि जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलून बॅटरीला देतो. त्याच्यात तांब्याचं वेटोळं असतं, हाताला वजन लागतं, आणि तो तीनशे-चारशेत मिळत नाही. तपासायचं असेल तर सोपं आहे. बॅटरी अर्धी उतरलेली असताना, भर उन्हात, चार्जिंग चालू असताना पॅनलच्या वायरींवर मीटर धरा. बॅटरीइतकेच तेरा-चौदा दाखवले तर तो साधा डबा, स्टिकर काहीही असो. सतरा-अठरा दाखवले तर खरा. साधा डबाही वाईट नाही बरं का. ४० वॅटच्या पॅनलला तोच पुरतो. राग खोट्या स्टिकरचा आहे, कारण त्याचे दुप्पट पैसे घेतात.

११.१ वाल्या लिथियमला मात्र लिथियमची सेटिंग असलेला कंट्रोलर लागतो, नाहीतर बक कन्व्हर्टर. हे छोटं हिरवं-निळं सर्किट आपल्या आयटीआयच्या पोरांना चांगलं माहीत आहे, शंभर-दीडशेत येतं. त्यावर दोन बारीक स्क्रू असतात, एकानं व्होल्ट बांधायचे, दुसऱ्यानं करंट. पोरांनो, तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. पहिली, बॅटरी लावायच्या आधी मीटर लावून व्होल्ट बांधा, आणि १२.६ नको, १२.४ वर थांबा. थोडी कमी भरेल पण सेल जास्त वर्षं जगतील. दुसरी, ज्या मॉड्यूलला एकच स्क्रू आहे ते बॅटरीला लावू नका, करंटला लगाम नसतो. तिसरी, दिवस मावळल्यावर मॉड्यूलवरचा लाल दिवा जळत राहिला तर समजा की बॅटरीची वीज उलटी वाहतेय. मॉड्यूल आणि बॅटरीच्या मधी एक डायोड टाका, डायोडमध्ये जे थोडे व्होल्ट जातात ते बॅटरीच्या बाजूनं मोजून परत बांधा. रात्रभर तो दिवा जळून सकाळी फोन चार्ज होत नाही म्हणून सेलला शिव्या देणारे मी पाहिलेत.

आणखी एक नवीन भानगड सुरू झालीय. घरावरच्या, पंपावरच्या मोठ्या प्लांटमधली जुनी किंवा तडा गेलेली पॅनलं भंगारच्या भावात मिळतात. लोकांना वाटतं, ३३० वॅटचं पॅनल हजार-बाराशेत, घ्या. पण ते ७२ सेलचं पॅनल रिकामं असताना ४५ व्होल्टच्या आसपास दाखवतं. नवीन ५४० वॅटवाली तर ४९-५० पर्यंत जातात. शंभर रुपयांच्या त्या बक मॉड्यूलची सहन करायची हद्द ४० असते, काहींची त्याहून कमी. थंडीत सकाळी उन्हाची पहिली तिरीप पडली की पॅनल गार असल्यामुळं व्होल्ट सगळ्यात जास्त असतात, आणि मॉड्यूल तेव्हाच फट्ट होतं. फट्ट होताना अनेकदा आतून चिकटून जातं आणि पॅनलचे सगळे व्होल्ट सरळ पलीकडं सोडतं. साध्या कंट्रोलरवर लावलं तर बिघडायचं नाही कदाचित, पण ३३० वॅटमधले सव्वाशेसुद्धा पदरात पडत नाहीत, बाकीचे वाया. तयार पोर्टेबल पॉवर स्टेशन मिळतात, त्यांच्याही पाठीवर 'सोलर इनपुट' किती ते छापलेलं असतं. लहान स्टेशनचं ते बऱ्याचदा तीसच्या आत असतं. पॅनलचा व्हीओसी त्याच्या खाली पाहिजे, आणि थंडीसाठी थोडी जागा सोडून पाहिजे. एवढा एक आकडा जुळवला तर निम्मी दुरुस्ती माझ्याकडं येणारच नाही. धंदा बुडाला तरी चालेल.

मोबाईल थेट पॅनलला लावणाऱ्यांसाठी: लावू नका. पाच व्होल्टचा रेग्युलेटर मधी असला तरी ढग आला की चार्जिंग तुटतं, गेला की जुळतं, दिवसभर हाच खेळ. काही फोन एकदा तुटलं की परत मंदच चार्ज होतात, पिन काढून घालेपर्यंत. आधी बॅटरी भरा, बॅटरीतून फोन भरा. विहिरीचं पाणी आपण आधी हौदात घेतोच की. आणि सकाळी सातला मीटर लावून '२० व्होल्ट दाखवतंय, पॅनल दमदार आहे' असं म्हणू नका. रिकाम्या पॅनलला थोड्या उजेडातही व्होल्ट येतात, बल्ब लावला की कोसळतात. जोर उन्हात असतो.

हे सगळं इतक्या बारकाईनं का लिहिलं? कारण वाटप करणारे हे वाचत नाहीत, आणि भोगतो तो ज्याला वाटप झालं तो.

दरवर्षी हंगामाच्या आधी आपल्याकडं सौर दिव्यांचं वाटप होतं. कधी संस्था, कधी कुणाचा वाढदिवस, कधी सीएसआरचा पैसा. मंडप, हार, फोटो. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. मागच्या वर्षी अशाच एका वाटपातली किट माझ्या दुकानात उघडली. ४० वॅटचं पॅनल चांगलं होतं, बल्ब चांगले होते, पिशवीवर छपाई तर फारच चांगली होती. बॅटरी सात अँपिअरची शिशाची आणि कंट्रोलर नाही. आता हिशेब करा. पाच वॅटचे दोन बल्ब पाच तास म्हणजे ५० वॅट-तास. दोन फोनचे तीसेक धरा. झाले ८०. सात अँपिअरची बॅटरी कागदावर ८४ ची, पण शिशाची बॅटरी टिकवायची तर अर्धीच वापरायची, म्हणजे ४२. रोज रात्री ती तळापर्यंत उपसायची आणि रोज दुपारी उकळायची. तिनं संक्रांत पाहिली तरी खूप झालं.

ज्यांनी वाटलं त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी कोटेशन मागवलं, त्यात पॅनल किती वॅट, बॅटरी किती अँपिअर, बल्ब किती, एवढंच लिहिलं, आणि सगळ्यात स्वस्त आलं ते घेतलं. जे लिहिलंच नाही ते पुरवठादार कशाला देईल? म्हणून मागणीपत्रातच लिहा की बॅटरी कोणत्या जातीची आणि कंट्रोलर तिला किती व्होल्टवर थांबवणार. रात्री उलटा प्रवाह नको. बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज पाहिजे. पॅनल, कंट्रोलर आणि बॅटरी जोडूनच द्या, चिमटे नकोत, उलटी न बसणारी पिन द्या. शंभर किट वाटायची ऐपत असेल तर ऐंशी वाटा, पण पूर्ण वाटा. फोटोत ऐंशी आणि शंभरातला फरक कळत नाही हो.

आता कारखान्यांबद्दल. काही जण म्हणतील, पॅनलचं कौतुक कशाला, कारखान्यानं कोप्यांवर लाइट द्यावी. बरोबर आहे. राज्यातले कितीतरी कारखाने उसाच्याच चिपाडावर वीज तयार करतात आणि ग्रिडला विकतात. ज्यांनी तोडलेल्या उसाच्या चिपाडाची ती वीज, त्यांच्या कोप्या धुराड्याच्या उजेडात दिसतात आणि आत अंधार असतो. हे बोललंच पाहिजे. पण सगळ्याच टोळ्या कारखान्याच्या आवारात राहत नाहीत, फड बदलला की बऱ्याच जणांचा तळ बदलतो. माळावर खांब जाणार नाही, तिथं पॅनलच जाणार. निदान गट कार्यालयाच्या ओसरीवर एक नीट चार्जिंग पॉइंट, फ्यूज-बीफ्यूज असलेला, एवढं तर कोणताही कारखाना उद्या करू शकतो.

आणि पैसा नाही असं कुणी म्हणू नये. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे त्यात एक कोटी होतात, सरकारचे तेवढेच. महामंडळाला माझी जाहीर विनंती आहे की कोपीतल्या सौर किटचं एक साधं प्रमाण ठरवा, एका पानाचं. ते पान प्रत्येक संस्थेला, प्रत्येक ग्रामपंचायतीला द्या. महामंडळाला आणखी चार योजना आखाव्या लागतील, मला कल्पना आहे. वसतिगृहं जास्त महत्त्वाची आहेत, तेही मान्य. पण या पानाला खर्चच नाही.

मुकादमांनो, तुम्ही उचल देताना सामानाचे पैसे कापता. पॅनल-बॅटरी तुमच्याकडूनच जाते कितीतरी जणांची. बॅटरी मेली की कोयता तिथल्या बाजारात नवीन घेतो आणि ते पैसे पुन्हा उचलीच्या वहीत चढतात. एका हंगामात दोन बॅटऱ्या म्हणजे त्या जोडीनं किती मोळ्या फुकट बांधल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जाणाऱ्या मंडळींना चार गोष्टी. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल काढा, मग बॅटरी. रात्री बॅटरी उचलून बैलगाडीवर न्यायची असेल तर चालेल, पण पॅनल तसंच राहिलं आणि सकाळी ऊन पडलं तर काही कंट्रोलर पॅनलचे वीस व्होल्ट बल्बाच्या आणि मोबाईलच्या पिनेकडं सोडतात. बॅटरी पॅनलच्या पाठीला बांधू नका, तिथं भट्टी असते. लिथियम ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. सावलीत, विटेवर, पाचटापासून लांब ठेवा आणि झोपताना उशाला घेऊ नका. फुगली, गरम लागली, वास आला तर पॅनल सोडवून कोपीच्या बाहेर मोकळ्या जागी ठेवा, तिचा मोह करू नका. मेलेल्या लिथियमच्या बॅटऱ्या चुलीत, उकिरड्यात टाकू नका. २०२२ च्या नियमानं जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, दुकानदाराला परत द्या, घेत नाही म्हणाला तर माझ्याकडं आणून टाका.

आता दसऱ्यापर्यंतच्या प्रत्येक रविवारी सकाळी नऊ ते एक मी दुकानासमोर टेबल टाकून बसणार आहे. पॅनल, बॅटरी, डबा, जे असेल ते घेऊन या. मीटर लावून बघतो, कोणता डबा लागतो ते चिठ्ठीवर लिहून देतो. पैसे नाहीत. डबा माझ्याकडूनच घ्या असं अजिबात नाही, चिठ्ठी घेऊन कुठंही जा. आयटीआयच्या दोन-तीन पोरांनी मदतीला यावं, सोल्डरिंगची गन मी देतो. पॅनल मोठं असेल आणि आणायला जमत नसेल तर पाठीवरच्या स्टिकरचा फोटो आणा, पण फोटो असा काढा की व्हीओसीचा आकडा वाचता येईल.